वेल्डहावनचा मुक्तिवीर

उत्तरेश्वररावांनी हॉलंड सोडवलं, ही बातमी गावाला वेशीवरच्या कापडी फलकावरून कळली. खुद्द उत्तरेश्वररावांनाही ती तिथूनच कळली.

सकाळी ते वेशीकडे गेले, तर दोन बांबूंना ताणून पांढरं कापड लावलेलं. त्यावर लाल अक्षरात, 'हॉलंड मुक्तिवीर, दोस्त राष्ट्रांचे शूर सेनानी मा. उत्तरेश्वरराव यांचा भव्य नागरी सत्कार. निमंत्रक : विठ्ठलराव, मुख्य प्रवर्तक, नियोजित गहिनीनाथ सहकारी साखर कारखाना.' निमंत्रकाचं नाव सत्कारमूर्तीच्या नावापेक्षा बोटभर मोठं होतं.

ते घरी आले. टोपी काढून खुंटीला अडकवली आणि ओसरीवर ज्वारी निवडत बसलेल्या रुक्मिणीबाईंना म्हणाले, "मी हॉलंड सोडवलं म्हनं."

"कवा?"

"वेशीत लिवलंय."

रुक्मिणीबाईंनी सुपातून मान वर केली नाही. एक खडा काढून बाजूला टाकला. "मंग त्या तळघरात सात महिने कोन बसलं व्हतं?"

"त्येच म्हनतो मी."

तळघराची गोष्ट घरात कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. निजामाच्या राज्यात थोरल्या भावाशी, अर्जुनरावांशी, भांडून उत्तरेश्वर पायी नगरला गेले आणि इंग्रजांच्या फौजेत ड्रायव्हर झाले. लिबियाच्या वाळूत जर्मनांनी धरले. तिथून इटली, इटलीतून जर्मनी. पुढे कैद्यांची टोळी रूळ दुरुस्तीला हॉलंडात नेली, गाडीवर विमानांनी बॉम्ब टाकले, त्या धुराळ्यात हे कालव्याकाठानं पळाले आणि वेल्डहावन नावाच्या शहरात एका पाववाल्याच्या बायकोनं त्यांना आपल्या तळघरात घेतलं. सात महिन्यांनी कॅनडाच्या फौजेनं शहर सोडवलं. उत्तरेश्वर वर आले, ऊन डोळ्यांना सोसेना म्हणून कपाळावर हात धरून उभे राहिले, तेव्हा एका गोऱ्या शिपायानं त्यांच्या हातावर चॉकलेट ठेवलं. हॉलंडच्या मुक्तीत त्यांचा वाटा एवढाच, ते चॉकलेट खाण्याचा. ही गोष्ट त्यांनी जन्मभर अशीच, तिखटमीठ न लावता सांगितली. पण सांगणाराच तळघरात बसलेला असला की लढाईची गोष्ट कुणी पुरती ऐकत नाही. निम्म्यातच लोक उठायचे.

इकडं 'बेपत्ता' अशी तार आली, त्याला वर्ष व्हायच्या आत अर्जुनरावांनी गोदावरीच्या काठी धाकट्या भावाचा दहावा घातला. रुक्मिणीबाईंच्या बांगड्या फुटल्या. तेव्हा त्या वीस वर्षांच्याही नव्हत्या. नवरा खाकी पँट घालून परत येईपर्यंत तीन वर्षं त्यांनी मोकळं कपाळ मिरवलं. त्या तीन वर्षांत धाकट्याच्या वाट्याची जमीनही थोरल्याच्या नावावर झाली.

आता त्या तळघराच्या वरच्या घरातली पोर, तेव्हा नऊ वर्षांची होती ती, पन्नाशीला टेकलेली, उमापूरच्या रस्त्यानं धुळीनं माखलेल्या जीपमधून येऊन दारात उतरली होती. उंच, पांढरे आखूड केस, उन्हानं लाल झालेलं नाक. तिचं नाव येत्ये. गावानं पहिल्याच दिवशी तिची येताबाई केली. वेल्डहावनचं येल्डावन झालं, आणि पारावर म्हाताऱ्यांनी येलदरी धरणावरच उत्तरेश्वररावांचा सत्कार आहे असं ठरवून टाकलं. धरण तर धरण, तिथं पाणी तरी असेल.

येताबाई आमंत्रण घेऊन आली होती. त्या शहराच्या मुक्तीला चाळीस वर्षं होत होती. ज्यांनी शहर सोडवलं ते म्हातारे शिपाई आणि शहरानं ज्यांना लपवलं ते जिवंत असतील तर ते, अशा सगळ्यांना बोलावलं होतं. विमानाचा खर्च शहराचा. सोबत घरचं एक माणूस आणायची मुभा.

त्या एका माणसानं घर दुभंगलं.

मुलगा विठ्ठलराव म्हणाला, मी. ह्यात आणखी बोलण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नाही. पण अर्जुनरावांचा आप्पाराव, तालुका दूध संघाचा चेअरमन, सकाळीच येऊन ओसरीवर बसला.

"काका, इट्टल साखरंचा मानूस. हॉलंडात ऊस हाय का? न्हाई. हॉलंड म्हंजी दूध! कॅलेंडरावरल्या काळ्या-पांढऱ्या गाई तिथल्याच हायत्या. मी आलो तर चार गाई तरी आनतो तालुक्याला."

"हितल्या गाई छावनीत कडबा कडबा करून मरायल्यात, आन ह्यो इमानातनं गाई आननार," विठ्ठलराव म्हणाला. "तुझ्या संघात पावडर कालवतेत बे. गाई कशाला पायजेत तुला?"

येताबाई जाजमावर मांडी घालून बशीतला चहा पीत होती. तिला हे काय चाललंय ते सांगायचं काम शिवकन्येकडं. विठ्ठलरावांची पोरगी, बीडच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी. बापानं तिला ताकीद दिली होती, सांगायचं तेवढंच सांग. आदल्या दिवशी येताबाईनं कारखाना बघायचा हट्ट धरला, तेव्हा तिला माळावर नेलं होतं. माळावर एक बोर्ड होता आणि कोनशिला होती. कोनशिलेवर शेळी उभी होती.

"कारखाना कुठाय, म्हणून विचारतात," शिवकन्या तेव्हा म्हणाली होती.

"नियोजित हाय म्हन."

"कधीपासून, म्हणतात."

विठ्ठलरावांनी शेळीला हाकललं होतं. "लांबनं आल्यात त्या. ऊन लागंल. चल म्हनावं."

"आन पाण्याचं विचारलं त्यांनी. ऊस कशावर करणार म्हणून."

"त्येबी नियोजितच हाय."

आता ओसरीवर भावाभावांचा आवाज चढला, तसे उत्तरेश्वरराव मधेच म्हणाले, "साखर न्हाई कशी? बिटाची साखर व्हती की तिथं. त्या हिवाळ्यात आमी बीट उकडूनच खाल्लं. आन फुलांचे कांदे."

"बिटाची साखर!" विठ्ठलरावांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलं का, आप्पा? साखर हाय!"

बीट का खावं लागलं, ते कुणी विचारलं नाही.

"खामखा भांडताव तुमी," उत्तरेश्वरराव म्हणाले. "मी रुक्मिणीला नेतो."

सगळे खळखळून हसले. म्हाताऱ्यानं मस्करी केली असं सगळ्यांनी धरलं. रुक्मिणीबाईही पदराआड हसल्या. हसल्या नसत्या तर त्यांना खरंच जायचंय असं वाटलं असतं. "मला कशाला त्ये? एष्टीत उलट्या व्हतेत मला. आन हितं टँकर आला तर हंडे कोन भरल?" असं म्हणून त्या आत गेल्या. गेल्यावर मात्र चुलीपाशी उगीच थोडा वेळ उभ्या राहिल्या. नवऱ्यानं हसण्यावारी नेलं नव्हतं. तो एकटाच हसत नव्हता, हे त्यांनी बघितलं होतं.

दुपारी विठ्ठलराव आणि आप्पाराव गोठ्याकडं गेले ते एकमेकांकडं न बघता. परत आले ते एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. ठरलं ते असं : हॉलंडला विठ्ठलराव जाणार, त्याच्या बदल्यात कारखान्याचा चेअरमन आप्पाराव होणार. कारखाना नव्हता, पण चेअरमनची जीप होती.

ह्या वाटाघाटीत दोघं एक गोष्ट विसरले. ती जीप विठ्ठलरावांनी आधीच आपल्या मेव्हण्याला कबूल केली होती. त्या मेव्हण्याची बहीण, म्हणजे विठ्ठलरावांची बायको सत्यभामा, दाराआड उभी होती. तिनं संध्याकाळी वरणात मीठ घातलं नाही आणि सासूच्या शेजारी येऊन बसली.

"आत्याबाई, मला वाटतं तुमीच जावा."

"कालच्याला तर तू इट्टलला सुटर आनाया सांगत व्हतीस."

"काल येगळं व्हतं. मामांच्या गोळ्या कोन बघल तिथं? ह्यान्ला सोताची बनेन सापडत न्हाई." मग तिनं आवाज उतरवला. "तुमी जानार म्हनलं तर मी तुमच्या पाठीशी हाय. कुनापुढंबी सांगते."

रुक्मिणीबाईंना सुनेचा राग कशावर आहे ते ठाऊक होतं. वीस वर्षांत सून पहिल्यांदा आपल्या बाजूनं आली ती जीपमधून आली, एवढंच. "बघू," त्या म्हणाल्या. "वरणात मीठ घाल आदी."

सत्काराच्या दिवशी सकाळी येताबाई आपणहून चुलीपाशी आली. मागे शिवकन्या. पाटावर बसून येताबाईनं गरम भाकरी, ठेचा, दही घेतलं. ठेच्यानं तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी खात राहिली. भाकरी संपली. मग तिनं बोट ओलं केलं आणि ताटलीत राहिलेले कण एकेक करून टिपले.

रुक्मिणीबाईंचा हात परातीत थांबला. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर सुकडी वाटायचे, तेव्हा बाया अशाच बोटानं कागद पुसायच्या. पोटभर खाल्लेलं माणूस असं करत नाही. कधीतरी उपाशी राहिलेलं करतं, आणि मग ते बोट जन्मभर विसरत नाही.

"शिवे, इचार तिला," त्या म्हणाल्या. "ह्ये तिथं व्हते तवा घरात खानारं कोन कोन व्हतं?"

येताबाईनं बोटं मोजली. आई, आजी, मी, धाकटा भाऊ पीम. बापाला जर्मनांनी कामावर धरून नेलं होतं.

"आन धान्य कितीजनांचं मिळायचं?"

"चौघांचं," शिवकन्या म्हणाली. "आजोबा लपलेले. त्यांच्या नावाचं कसं मिळणार?"

"मंग पाचव्याचं कुठनं काढलं?"

शिवकन्येनं विचारलं. येताबाई रिकाम्या ताटलीकडं बघत हळूहळू बोलायला लागली आणि शिवकन्या तिच्यामागून सांगायला लागली. "आई म्हणायची, मला भूक नाही. आजीपण म्हणायची, मला भूक नाही. मग मीही तसंच म्हणायला शिकले. पीम चार वर्षांचा होता. त्याला खोटं बोलता यायचं नाही. त्याला भूक लागली की लागली म्हणायचा... मग त्याला खोकला झाला. अंगात काहीच नव्हतं. फेब्रुवारीत गेला, आजी."

तव्यावरची भाकरी करपली. कुणी उलटली नाही.

"तिच्या मायनं ह्यान्ला घालवून कावून न्हाई दिलं?" रुक्मिणीबाईंनी विचारलं. "लेकरू समूर झिजतंय, आन खाली तळघरात परका बाप्या. कावून न्हाई दिलं घालवून?"

"मीही विचारलं होतं आईला, मोठी झाल्यावर," येताबाई म्हणाली. "आई म्हणाली, त्याचीही कुणीतरी वाट बघत असेल."

रुक्मिणीबाई उठल्या. पिठाचे हात तसेच घेऊन परसात गेल्या. त्या फेब्रुवारीत त्या ह्याच गावात होत्या, मोकळ्या कपाळानं. सख्ख्या भावानं पिंड देऊन हात झटकले होते. आता कुणाची वाट बघतीस, असं जाऊ म्हणायची. आणि सात समुद्रापलीकडं एक पाववाली, जिनं त्यांना कधी बघितलं नव्हतं, ती स्वतःच्या घासातून त्यांच्या नवऱ्याला घास देत होती. कारण काय, तर त्याची कुणीतरी वाट बघत असेल.

उत्तरेश्वरराव परसात लिंबाखाली दाढी करत बसले होते.

"त्या लेकराचं मला कावून न्हाई सांगितलं?"

वस्तरा थांबला. त्यांनी आरसा पालथा ठेवला. "सांगितलं असतं तर काय झालं असतं? मी जेवाया बसलो की तुला त्येच दिसलं असतं. मला तर दिसतंच."

नवऱ्याच्या अर्ध्या गालावर साबण वाळत होता. तो रुक्मिणीबाईंनी पदरानं पुसला.

सभा माळावर, त्या बोर्डासमोरच ठेवली होती. धुरळा बसावा म्हणून पाण्याचा टँकर सकाळीच माळावर रिकामा केला. तो टँकर गावात येणार म्हणून बाया दोन तास रांगेत उभ्या होत्या. टँकर माळाकडं गेल्याचं कळल्यावर त्याही हंडे घेऊन तिकडंच आल्या आणि मंडपाच्या कडेनं उभ्या राहिल्या. विठ्ठलरावांनी स्टेजवरून बघितलं आणि महिलांची उपस्थिती लक्षणीय असल्याचं माइकवर सांगितलं.

मुंबईचे मंत्रीसाहेब उशिरानं आले. हार झाले, फेटे झाले, उत्तरेश्वररावांच्या हातात मुलामा दिलेली तलवार आली. ती कशी धरायची ते त्यांना कळेना. त्यांनी ती काठीसारखी टेकवली.

आधी अर्जुनराव बोलले. वय झालेलं, तोंडात दात नाही, पण आवाज खणखणीत. "माजा भाऊ जित्ता हाय, ह्ये माजं काळीज तवाच सांगत व्हतं!" टाळ्या पडल्या. बायांत बसलेल्या रुक्मिणीबाई शेजारच्या सत्यभामेला म्हणाल्या, "ऐकलंस? काळीज जित्ता म्हनत व्हतं, आन हात पिंड देत व्हतं."

मग विठ्ठलराव. "आबांनी हॉलंड सोडवलं. आता हॉलंडनं बीड जिल्हा दुष्काळातून सोडवावा, ही आमची त्या सरकारला नम्र इनंती हाय!" मंत्रीसाहेबांनी मान डोलावली. ही मागणी आपल्या सरकारकडं नाही, हे त्यांना आवडलेलं दिसलं.

उत्तरेश्वररावांना बोलायला उभं केलं. ते माइकपासून हातभर लांब उभे राहिले.

"मी काय सोडवलं न्हाई. मी लपलो व्हतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "गनिमी कावा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"न्हाई, न्हाई. तळघरात व्हतो मी. वर कॅनडावाले आले. मलाच सोडवलं त्येंनी."

"इनय बघा मानसाचा!" आप्पारावांनी माइक हातात घेऊन सांगितलं. "असा इनय फकस्त शूरापाशी असतो." आणि उत्तरेश्वररावांना खांद्याला धरून खाली बसवलं.

येताबाई बोलली, ती थोडकंच. शिवकन्येनं सांगितलं, की त्यांचं शहर आजोबांना आणि त्यांच्या घरच्या एका माणसाला सन्मानानं बोलावत आहे. तेवढ्यात विठ्ठलरावांनी माइक ओढला. "जनतेच्या आग्रहाखातर, माझी इच्छा नसतानाही, आबांच्या सोबत जायची जबाबदारी मी स्वीकारत आहे!"

रुक्मिणीबाई उठल्या. त्यांनी उठायचं ठरवलं नव्हतं, पाय उठले. बायांतून वाट काढत, पदर सावरत त्या स्टेजच्या पायऱ्या चढल्या. सुनेनं मागून आवाज दिला, "जावा, आत्याबाई!"

"मी जानार," त्या माइकसमोर म्हणाल्या. माइक शिट्टी वाजल्यासारखा ओरडला. त्या दचकल्या, पण हलल्या नाहीत.

विठ्ठलरावांनी माइकवर हात ठेवला. "माय, खाली बस. इज्जत जाती."

"हात काढ." त्यांनी त्याचा हात बाजूला केला, लहानपणी गुळाच्या डब्यावरून करायच्या तसा. "ह्यान्ला जित्तं ठिवाया त्या येताबाईच्या मायनं आपल्या लेकराच्या तोंडचा घास काढला. लेकरू गेलं तिचं. चार वर्साचं. आन त्याच टायमाला हितं आमच्या घरी ह्यान्चा दहावा घालून मोकळे झालते. माज्या बांगड्या फोडल्या." त्या अर्जुनरावांकडं वळल्या नाहीत, वळायची गरज नव्हती, सगळा मंडप वळला होता. "ह्यान्ला सोडवनारी ती बाई. तिच्या दारात ताठ मानंनं जायचं तोंड हितं कुनाला हाय? आसंल त्यानं सांगावं. मी खाली बसते."

अर्जुनराव ऐकू न आल्यासारखे आभाळाकडं बघत होते. त्यांना चांगलं ऐकू यायचं.

पहिली टाळी सत्यभामेची. ती सासूसाठी किती आणि जीपसाठी किती, हे तिचं तिलाच ठाऊक. पण मग कडेच्या बायांनी हंडे खाली ठेवले आणि त्या टाळ्या वाजवायला लागल्या, आणि त्या थांबेनात. मंत्रीसाहेब मुरलेले. त्यांनी हंड्यांकडं बघितलं, बायांकडं बघितलं आणि उठून उभे राहिले. ते उभे राहिले म्हणून सगळं स्टेज उभं राहिलं.

"माझ्याच इनंतीला मान देऊन माय जायला तयार झाल्या," विठ्ठलराव माइकवर म्हणाले, "त्याबद्दल मी त्यांचा ऋणी हाय!"

"मंग चेअरमनचं काय?" आप्पारावांनी कानाशी विचारलं.

"तू गप बे."

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या एका पेपरात पहिल्या पानावर आलं, 'हॉलंडचे पाणी बीडला येणार.' जीप मेव्हण्याकडं गेली. आप्पारावांनी महिनाभर चुलत्याच्या दारात पाय ठेवला नाही. मंत्रीसाहेबांच्या एका फोननं पासपोर्ट मात्र झटपट झाले.

वेल्डहावनला उतरल्यापासून रुक्मिणीबाई पाणीच बघत होत्या. रस्त्याशेजारी पाणी, घरामागं पाणी, पुलाखाली पाणी. "एवढं पानी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आन काठाला एकबी हंडा न्हाई." नऊवारीवर विठ्ठलचा स्वेटर, त्यावर येताबाईचा कोट, आणि तरी दात वाजत होते.

विठ्ठलरावांनी इकडून लांबलचक तार केली होती, मुक्तिवीरास योग्य तो मान मिळावा म्हणून. त्यामुळं दुसऱ्या दिवशीच्या मिरवणुकीत उत्तरेश्वररावांसाठी उघड्या जीपमध्ये, कॅनडाच्या म्हाताऱ्या शिपायांसोबत, जागा राखून ठेवली होती. उत्तरेश्वररावांनी फौजेतलं मोडकं इंग्रजी काढून एका शिपायाला खरं काय ते सांगितलं. तो गडी जाडा, लाल तोंडाचा, कोटावर बिल्ल्यांची रांग. तो खो खो हसला आणि काही सांगू लागला.

"काय म्हनतो?" रुक्मिणीबाईंनी विचारलं.

"म्हनतो, मीबी काय सोडवलं न्हाई. माजा ट्रक गावाबाहीर बंद पडला व्हता. ढकलत आनला तवर पोरींची फुलं संपली व्हती." उत्तरेश्वररावही हसत होते. कितीतरी वर्षांनी त्यांची गोष्ट कुणीतरी शेवटपर्यंत ऐकली होती.

मिरवणुकीच्या आदल्या दुपारी येताबाईनं रुक्मिणीबाईंना चर्चमागच्या दफनभूमीत नेलं होतं. एकाच दगडाखाली आई आणि पीम. येताबाई दगडावरून हात फिरवत बोलली, उत्तरेश्वररावांनी ते बायकोला मराठीत सांगितलं. पीम गेला त्या दिवशी घरात कुणी रडलं नाही. मोठ्यानं रडलं असतं तर शेजारीपाजारी आले असते, घरभर फिरले असते, कुणीतरी तळघराच्या दाराशी गेलं असतं. म्हणून आईनं येताच्या तोंडावर हात ठेवला आणि स्वतःचे ओठ दातात धरले. लेकरू गुपचूप पुरलं. पुढं लढाई संपली, रडायला मोकळीक झाली. पण तोवर सगळं शहर नाचत होतं.

त्याच संध्याकाळी तिथंच सगळं शहर जमलं. उद्या आनंदाचा दिवस, आज मेलेल्यांचा, अशी तिथली रीत. आठ वाजायला आले तरी लख्ख उजेड होता. गळ्यात साखळी घातलेले महापौर, त्यांच्यामागं म्हातारे शिपाई रांगेत, कुणी काठीवर, एक चाकाच्या खुर्चीत. घंटा वाजून थांबली की दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, हे रुक्मिणीबाईंना बजावून सांगितलं होतं, आणि त्यांनी मान डोलावली होती.

घंटा थांबली. रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. सायकलीवरची माणसं एक पाय टेकून उभी राहिली. एवढी माणसं, आणि कुठं एक आवाज नाही.

त्या शांततेत रुक्मिणीबाईंना तो दगड दिसत होता. अजून गप्पच, त्यांना वाटलं. चाळीस वर्षं झाली, आणि अजून ह्या पोरासाठी सगळे गप्पच उभे आहेत. त्या चालायला लागल्या. उत्तरेश्वररावांनी त्यांचा हात धरला आणि सोडून दिला.

दगडापाशी त्या मटकन बसल्या आणि त्यांनी गळा काढला. बीड जिल्ह्यात घरचं लेकरू गेल्यावर बाई काढते तसा, छाती बडवून, नाव घेऊन. "आरं माज्या पीमा रं... माज्या राजा रं... तुज्या वाट्याचं आमी खाल्लं रं... तुला कुनी रडलं न्हाई रं माज्या सोन्या..."

सगळ्या शहराच्या माना वळल्या. टोपीवाला एक पोलीस दोन पावलं पुढं आला. बंद पडलेल्या ट्रकवाल्या शिपायानं त्याच्या छातीवर आडवा हात ठेवून त्याला थांबवलं. उत्तरेश्वररावांनी टोपी काढली आणि ते बायकोच्या मागे जाऊन उभे राहिले.

येताबाई रांगेतून बाहेर आली. ओल्या गवतात गुडघे टेकून रुक्मिणीबाईंच्या शेजारी बसली. आधी नुसती हलत राहिली. मग तिच्या तोंडून आवाज फुटला, तो डच नव्हता, मराठी नव्हता, इंग्रजी नव्हता. रुक्मिणीबाईंनी तिचं डोकं आपल्या छातीशी ओढलं आणि दोघी मिळून रडायला लागल्या.

दोन मिनिटं संपली. बिगूलवाला रिवाजाप्रमाणं पुढं आला, बिगूल ओठांशी नेला आणि महापौरांकडं बघितलं.

महापौरांनी मान हलवली. थांब.